पान किती तास ओलं होतं?

पिकावर डाग दिसला की आपला पहिला प्रश्न ठरलेला असतो, "कोणतं औषध मारू?" कृषी सेवा केंद्रात मोबाइलवरचा पानाचा फोटो दाखवला जातो, दुकानदार फळीवरून दोन डबे काढतो आणि संध्याकाळपर्यंत फवारणी उरकलेलीही असते. माझं सांगणं एवढंच आहे, की दुकानाची पायरी चढण्याआधी स्वतःला एक वेगळा प्रश्न विचारा. गेल्या आठ-दहा दिवसांत या पिकाची पानं सलग किती तास ओली होती?

बुरशीचे बीजाणू वाऱ्याबरोबर, पावसाच्या थेंबांबरोबर, माणसांच्या कपड्यांबरोबर सतत येतच असतात. ते शेतात येऊ नयेत अशी व्यवस्था कुणालाही करता येत नाही. पण पानावर पडलेला बीजाणू म्हणजे रोग नव्हे. त्याला अंकुर फुटायला हवा, त्या अंकुराने पानाची त्वचा भेदायला हवी किंवा पर्णरंध्रातून आत शिरायला हवं. यासाठी बहुतेक बुरशींना पानावर पाण्याचा पातळ थर लागतो आणि तो काही तास टिकावा लागतो. गुलाबावरच्या काळ्या ठिपक्यांच्या रोगाला सुमारे सात तासांचा सलग ओलावा लागतो. द्राक्षावरच्या डावणीला अनुकूल तापमान मिळालं तर दोन-चार तासही पुरतात. तेवढ्या वेळात पान वाळलं, तर बीजाणू तिथेच मरतो आणि तुम्हाला त्याचा पत्ताही लागत नाही.

एकदा आत शिरल्यावर मात्र बुरशी लगेच दिसत नाही. चार दिवस, आठवडा, कधी त्याहून जास्त काळ ती पानाच्या आत वाढत राहते. म्हणून आज दिसलेला डाग हा आजच्या हवेचा नसतो, मागच्या आठवड्यातल्या त्या एका पावसाळी रात्रीचा असतो. आज मारलेलं औषधही तो डाग पुसत नाही. मेलेला पेशीसमूह पुन्हा हिरवा होत नाही. औषधाने वाचतं ते अजून निरोगी असलेलं पान. ही गोष्ट लक्षात न घेतल्यामुळे "औषध मारलं तरी डाग गेले नाहीत" म्हणून तिसऱ्या दिवशी पुन्हा फवारणी होते, आणि खर्च दुप्पट होतो.

आधी ओळख, मग पंप

दुसरी तपासणी, हा रोग बुरशीचा आहे का? डाळिंबावरचा तेल्या जिवाणूमुळे होतो, त्यावर बुरशीनाशकांचे डबेच्या डबे ओतणारे लोक आहेत. मिरचीचा चुरडा-मुरडा फुलकिडे, कोळी आणि विषाणू यांच्यामुळे होतो. पपईच्या पानांवर हिरवट-पिवळी नक्षी उमटली तर तो विषाणू असतो. यातल्या कशावरही बुरशीनाशक चालत नाही. सगळ्या झाडांची जुनी पानं सारख्याच पद्धतीने शिरांमधून पिवळी पडत असतील, तर आधी अन्नद्रव्यांची कमतरता तपासा. बुरशी सहसा असा समान वाटा घालत नाही. ती बांधाच्या सावलीत, पाणी साचणाऱ्या सखल कोपऱ्यात, दाट झालेल्या ओळीत आधी दिसते आणि तिथून पसरते.

खिशात दहा पट मोठं दाखवणारं छोटं भिंग ठेवा. फार महाग नसतं, आणि शेतकऱ्याच्या अवजारांत ते असायलाच हवं असं मला मनापासून वाटतं. डागावर मखमलीसारखी वाढ आहे का, त्यात काळे टाचणीच्या टोकाएवढे ठिपके आहेत का, की नुसता पाणचट डाग आहे, हे भिंगाखाली लगेच कळतं.

शंका असेल तर घरच्या घरी एक परीक्षा करता येते. संध्याकाळी डाग पडलेली दोन-तीन पानं तोडून प्लास्टिकच्या पिशवीत घाला, आत पाण्यात भिजवून पिळलेला कापूस ठेवा, थोडी हवा राहू देऊन तोंड बांधा आणि पिशवी रात्रभर अंधारात ठेवा. डावणी असेल तर सकाळी पानाच्या खालच्या बाजूला, नेमकी तेलकट डागाखाली, पांढरीशुभ्र कापसासारखी वाढ उभी राहिलेली दिसते. ही बुरशी बीजाणू तयार करते ते दमट हवेत आणि अंधारातच. म्हणून दुपारी बारा वाजता बागेत फिरून "डावणी नाही" असं म्हणणं धोक्याचं असतं. पाहणी करायची ती सकाळी उठल्या उठल्या, दव वाळण्याआधी, आणि पानं उलटी करून.

द्राक्षबाग: पन्नास दिवसांची परीक्षा

नाशिक, सांगली, सोलापूरकडचे द्राक्षबागायतदार या विषयातले आपल्याकडचे सगळ्यात अनुभवी लोक आहेत, म्हणून त्यांच्या बागेत थोडं थांबू. बाकीच्या पिकांना लागू पडणारं बरंचसं तिथेच शिकता येतं.

ऑक्टोबरच्या गोडी छाटणीनंतर डोळे फुटतात, पोंगा सुटतो, तीन-पाच पानं येतात, घड दिसू लागतो, फुलोरा येतो, मणी धरतात. छाटणीपासून साधारण पन्नास दिवसांचा हा काळ डावणीचा. याच काळात परतीचा पाऊस रेंगाळतो, नंतर दव आणि धुई सुरू होते. कोवळ्या पानावर डावणी आली तर पान जातं, पण घडावर आली तर वर्षच जातं. घड तपकिरी होतो, सुकतो, गळतो. मणी वाटाण्याएवढा झाल्यावर त्याच्यावरची रंध्रं बंद होत जातात आणि धोका उतरतो. नोव्हेंबर 2009 मध्ये फयान वादळाबरोबर आलेला पाऊस नेमका या नाजूक अवस्थेत बागांवर कोसळला आणि नाशिक पट्ट्यात डावणीने केलेलं नुकसान जुने बागायतदार अजून विसरलेले नाहीत.

या पन्नास दिवसांत औषधाइतकंच महत्त्वाचं काम मजुरांच्या हातात असतं. फेलफुटी वेळेवर काढणं, बगलफुटी खुडणं, घडासमोरची पानं विरळ करणं, काड्या तारेवर नीट पसरून बांधणं. गर्दी झालेल्या वेलीत दव सकाळी दहा-अकरापर्यंत टिकतं. मोकळ्या वेलीत तेच दव ऊन आल्यावर तासाभरात उडतं. म्हणजे विळा न लागता, नुसत्या बोटांनी केलेली विरळणी रोज सकाळी बुरशीचे दोन तास कापते. मजुरी वाचवायची म्हणून विरळणी पुढे ढकलली की वाचवलेल्या पैशांच्या कितीतरी पट औषधात जातात, हे हिशेबाची वही काढून पाहिलं तर कुणालाही दिसेल.

फवारणी पावसाच्या आधी की नंतर, हा नेहमीचा वाद. स्पर्शजन्य औषध, म्हणजे मॅन्कोझेब, ताम्रयुक्त बुरशीनाशकं, गंधक, पानाच्या पृष्ठभागावर थर बनून राहतं आणि बीजाणू रुजण्याआधी त्याला मारतं. ते पावसाआधीच हवं. पावसानंतर, बुरशी आत गेल्यावर त्याचा उपयोग फक्त पुढच्या हल्ल्यासाठी. आंतरप्रवाही औषध पानाच्या आत शिरतं, म्हणून संसर्ग होऊन एक-दोन दिवसच झाले असतील तर ते बुरशीला आत गाठू शकतं. पण त्यालाही मर्यादा आहे, आठवडाभर मुरलेल्या रोगापुढे तेही हतबल होतं. म्हणून हवामानाचा अंदाज पाहून, पाऊस येण्याआधी स्पर्शजन्य थर पानांवर असायला हवा आणि पाऊस लांबला, पानं वाळलीच नाहीत, तर त्यानंतर लगेच आंतरप्रवाही. फवारा पानाच्या खालच्या बाजूला पोचलाय का हे स्वतः वेलीखाली वाकून पाहा. डावणी शिरते ती खालून, आणि ब्लोअरचा वेग वाढवून काम लवकर उरकलं तर वरची बाजू पांढरी आणि खालची कोरडी राहते.

आता एक गोष्ट सांगायलाच हवी, कारण तिच्यामुळे दर हंगामात पैसे पाण्यात जातात. डावणीचा कारक जीव, तसाच बटाटा-टोमॅटोवरच्या उशिरा येणाऱ्या करप्याचा आणि रोपवाटिकेत रोपं कोलमडवणाऱ्या पिथियमचा, शास्त्राच्या दृष्टीने खऱ्या बुरशींत मोडत नाही. दिसायला बुरशी, पण घडण वेगळी. त्यामुळे भुरीवर चालणारी बरीचशी औषधं डावणीवर चालत नाहीत आणि डावणीवरची भुरीवर नाहीत. कार्बेन्डाझिम डावणीवर मारून उपयोग नाही, रोपं कोलमडताना वाफ्यात ओतूनही नाही. मेटॅलॅक्झिल भुरीला काही करत नाही. "बुरशीनाशक आहे ना, मग मारा" हा सल्ला देणाऱ्याकडून काही विकत घेऊ नका.

भुरी ही या सगळ्यातली उलट्या स्वभावाची. तिला पानावर पाणी नकोच असतं, मुसळधार पावसात तर ती धुऊन जाते. ढगाळ, दमट, सावलीची, फार गरम नसलेली हवा तिला मानवते. त्यामुळे पाऊस संपला म्हणून बागायतदार निर्धास्त होतो आणि घडात राख पसरल्यासारखी भुरी दिसू लागते. पावसापासून वाचवायला प्लास्टिकचं आच्छादन टाकलेल्या बागांतही हाच अनुभव येतो, डावणी कमी होते पण भुरीकडे जास्त लक्ष द्यावं लागतं. कोवळ्या मण्यावर भुरी आली तर त्याची साल ताणत नाही, मणी तडकतो. कोकणात आंब्याच्या मोहोरावर तीच तऱ्हा, ढगाळ दिवस लागोपाठ आले की मोहोर पांढरा पडतो आणि गळतो.

भुरीवर गंधकासारखं जुनं आणि भरवशाचं औषध दुसरं नाही. त्याची वाफ होऊन ती बुरशीपर्यंत पोचते, म्हणून थंडीत ते मंद चालतं. पारा पस्तीसच्या आसपास गेला तर मात्र पानं आणि मणी करपवतं. तेलयुक्त फवारणीच्या आगेमागे दोन आठवडे गंधक मारू नका, झाड भाजतं.

बोर्डो मिश्रण घरी करायचं असेल तर

डावणी मूळची अमेरिकेतली. तिकडून आणलेल्या वेलींबरोबर ती 1878 च्या सुमारास फ्रान्समध्ये पोचली आणि तिथल्या द्राक्षबागा ओस पडू लागल्या. बोर्डो विद्यापीठातले वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक पिएर मिलार्दे यांना 1882 मध्ये मेडोक भागातून जाताना दिसलं, की बाकी बागा पानं झडून उघड्या पडल्यात, पण रस्त्याकडेच्या ओळी हिरव्या आहेत. वाटसरूंनी घड चोरू नयेत म्हणून मालकाने त्या ओळींवर मोरचूद आणि चुन्याचं निळसर मिश्रण शिंपडलं होतं. मिलार्दे यांनी त्यावर प्रयोग केले आणि 1885 मध्ये ते प्रसिद्ध केलं. तेच हे बोर्डो मिश्रण. कोकण-गोव्यात सुपारीवर पावसाळ्याआधी मारतात, द्राक्षात छाटणीनंतर मारतात, लिंबूवर्गीय झाडांच्या बुंध्याला त्याचीच पेस्ट लावतात.

एक टक्का मिश्रणासाठी प्रमाण सोपं आहे, 1 किलो मोरचूद, 1 किलो कळीचा चुना, 100 लिटर पाणी. चुकतं ते करण्यात. मोरचूद बारीक कुटून फडक्यात बांधा आणि आदल्या रात्री 50 लिटर पाण्यात वरच्या बाजूला लोंबकळत ठेवा. तळाशी टाकलं तर विरघळायला वेळ लागतो, वर टांगलं तर जड द्रावण आपोआप खाली जातं आणि सकाळपर्यंत फडकं रिकामं होतं. चुना दुसऱ्या भांड्यात थोडं थोडं पाणी घालून विरवा. तो उसळतो, वाफ येते, म्हणून डोळे सांभाळा आणि लहान मुलांना जवळ येऊ देऊ नका. निवल्यावर गाळून 50 लिटर करा. भांडी प्लास्टिकची, लाकडाची किंवा मातीची हवीत. लोखंडी किंवा पत्र्याची चालत नाहीत, मोरचूद त्यांना खातं.

मग काठीने ढवळत ढवळत दोन्ही द्रावणं तिसऱ्या पिंपात एकाच वेळी ओता. ते जमत नसेल तर मोरचुदाचं पाणी चुन्याच्या पाण्यात हळूहळू घाला, उलटं करू नका. रंग आकाशासारखा निळा यायला हवा. आता घासून लखलखीत केलेला विळा त्यात मिनिट-दोन मिनिटं बुडवून बाहेर काढा. पात्यावर तांबूस थर चढला असेल तर मिश्रणात मोकळं तांबं शिल्लक आहे आणि ते पानं जाळेल. चुन्याची आणखी थोडी निवळी घाला, पुन्हा पाहा, पातं कोरं निघेपर्यंत. मिश्रण त्याच दिवशी संपवा. शिळं झालेलं पानाला चिकटत नाही. त्यात दुसरं कुठलंही औषध किंवा खत मिसळू नका. फुलोऱ्यावर आणि अगदी कोवळ्या फुटीवर एक टक्का जड जातं, आणि ढगाळ हवेत, पानं लवकर वाळत नसताना तर जास्तच.

एकच औषध पुन्हा पुन्हा मारण्याचा मोह टाळा. तांबं आणि गंधक बुरशीवर अनेक बाजूंनी घाव घालतात, म्हणून शंभर वर्षांहून जास्त काळ ती टिकली. नव्या आंतरप्रवाही औषधांचा घाव एकाच जागी असतो. मेटॅलॅक्झिल 1977 मध्ये बाजारात आलं तेव्हा चमत्कार वाटला, पण चार वर्षांच्या आतच त्याला न जुमानणारे प्रकार काही देशांत सापडले. म्हणून डब्यावरचं ठळक व्यापारी नाव वाचून थांबू नका, खाली बारीक अक्षरात लिहिलेला घटक वाचा. तीन वेगवेगळ्या नावांचे डबे घेतले आणि तिन्हींत घटक एकच, असं सर्रास होतं. आंतरप्रवाही औषध हंगामात मोजक्याच वेळा, स्पर्शजन्याच्या जोडीने आणि लागोपाठ दोनदा एकाच गटातलं नाही, हा नियम पाळा.

जमिनीतली मर

इथे पानाच्या ओलाव्याचा हिशेब चालत नाही. तूर फुलोऱ्यात, शेंगा धरायच्या वेळी, जमिनीत ओल असूनही मान टाकते. असं झाड उपटा, खोडाची साल बुंध्याजवळ चाकूने सोला आणि खोड उभं चिरा. आत लाकडात काळपट-तपकिरी रेघा दिसल्या तर ती मर. बाहेरून बुंध्यापासून वर जाणारा जांभळट पट्टाही दिसतो. ही मर आणणाऱ्या बुरशीचं वर्णन करून तिला नाव दिलं ते एडविन बटलर यांनी, बिहारमधल्या पुसा इथल्या संस्थेत काम करताना, 1910 मध्ये. तेव्हापासून आजपर्यंत उभ्या पिकातली मर बरी करणारं औषध सापडलेलं नाही. झाड मलूल झाल्यावर बुंध्याशी ओतलेलं काहीही कामी येत नाही, कारण बुरशीने पाणी वाहून नेणाऱ्या नळ्याच बुजवलेल्या असतात.

इलाज पेरणीआधीचाच. तुरीसाठी बदनापूरच्या बीएसएमआर 736, बीएसएमआर 853, बीडीएन 711, हरभऱ्यासाठी राहुरीचे विजय आणि दिग्विजय, अकोल्याचा जॅकी 9218, ही मरीला दाद न देणारी वाणं आहेत. ज्या शेतात मर दिसली तिथे तूर किमान तीन वर्षं नको, कारण धसकटांत बुरशी तेवढा काळ जिवंत राहते. हरभऱ्याची मर तर त्याहून चिवट, जमिनीत सहा वर्षांपर्यंत टिकते. तुरीत ज्वारीचं आंतरपीक घेतलं तर मर कमी राहते. आपल्या आजोबांच्या पिढीतली ही पेरणी नुसती चाऱ्यासाठी नव्हती, तिचा हाही फायदा होता. मेलेली झाडं शेतात नांगरून गाडू नका, उपटून बाहेर काढून जाळा.

ट्रायकोडर्मा ही दुसऱ्या बुरशींना खाणारी बुरशी आहे आणि ती खरोखर कामाची आहे, पण जिवंत आहे हे विसरलं जातं. पाकिटावरची तारीख पाहा, उन्हात ठेवलेलं पाकीट घेऊ नका. 1 किलो ट्रायकोडर्मा 100 किलो चांगल्या कुजलेल्या, ओलसर शेणखतात मिसळून सावलीत ढीग लावा, ओल्या पोत्यांनी झाका, आठ-दहा दिवसांनी ढीग हिरवट बुरशीने भरला की शेवटच्या पाळीच्या वेळी ओल्या जमिनीत टाका. कोरड्या, तापलेल्या मातीत टाकलं तर शेणखत तेवढं कामी येतं. बियाण्याला रासायनिक बुरशीनाशक आणि ट्रायकोडर्मा एकाच वेळी चोळू नका. बीजप्रक्रियेचा क्रम आधी बुरशीनाशक, मग कीटकनाशक, आणि जिवाणू संवर्धन सगळ्यात शेवटी, सावलीत वाळवून.

बियाण्याबरोबर येणारे रोग थांबवणं तर फारच स्वस्त आहे. ज्वारीच्या काणीसाठी किलोभर बियाण्याला 4 ग्रॅम 300 मेश गंधक चोळलं की काम झालं. बाजरीच्या अरगटासाठी 10 लिटर पाण्यात 2 किलो मीठ विरघळवून त्यात बी ओता. अरगटाच्या काळपट पेशी आणि पोचट दाणे तरंगतात, ते काढून जाळून टाका, कारण त्या पोटात गेल्या तर उलट्या आणि गुंगी येते. तळाचं बी साध्या पाण्याने दोन-तीनदा धुऊन सावलीत वाळवा. सांगली-कोल्हापूरकडे सोयाबीनवर तांबेरा येतो तिथे फुले संगम, फुले किमया ही वाणं पाहावीत. हळदीच्या आणि आल्याच्या कंदकुजीला निचरा नसलेल्या जमिनीत कोणतंच औषध पुरत नाही, गादीवाफे करून पाणी बाहेर काढून द्यावंच लागतं.

अंगणातली आणि गच्चीवरची झाडं

संध्याकाळी कामावरून आल्यावर पाइप घेऊन झाडांना अंघोळ घालायची सवय बऱ्याच घरांत असते. झाडाला बरं वाटतं असं आपल्याला वाटतं. पण सूर्य मावळल्यावर ओलं केलेलं पान सकाळपर्यंत ओलंच राहतं. गुलाबाच्या काळ्या ठिपक्यांना सात तास लागतात, आपण त्यांना बारा देतो. पाणी सकाळी घाला, मातीत घाला, पानांवर नको. ठिपके पडलेली गळकी पानं कुंडीत कुजू देऊ नका, पुढच्या पावसात बीजाणू तिथूनच उडतात. ती कंपोस्टच्या डब्यातही टाकू नका, घरचा डबा तेवढा तापत नाही. कुंड्या भिंतीला आणि एकमेकींना चिकटून असतील तर हातभर अंतर करा. शेतात तुषार सिंचन असेल त्यांनाही हेच सांगेन. संध्याकाळी संच चालवला तर ओलाव्याचे तास वाढतात. पहाटे, दव पडलेलंच असताना चालवला तर फारसे वाढत नाहीत.

काकडी, दुधी, भोपळ्याच्या पानांवर पिठासारखी भुरी आली आणि घरात लहान मुलं आहेत म्हणून रासायनिक औषध नको असेल, तर एक भाग दूध आणि नऊ भाग पाणी असं मिश्रण आठवड्यातून एकदा, सकाळच्या उन्हात, पानांच्या दोन्ही बाजूंना फवारा. ब्राझीलचे संशोधक वॅग्नर बेट्टिओल यांनी 1999 मध्ये काकडीवर्गातल्या झुकिनीवर याचा चांगला परिणाम दाखवला. रोगाच्या सुरुवातीलाच केलं तर उपयोग होतो. अख्खा वेल पांढरा झाल्यावर नाही.

जास्वंदीच्या, लिंबाच्या पानांवर काजळीसारखा काळा थर दिसला तर घाबरू नका आणि बुरशीनाशकही आणू नका. मावा किंवा पिठ्या ढेकूण जो गोड चिकटा सोडतात त्यावर ही बुरशी वाढते, पानात शिरत नाही. साबणाच्या पातळ पाण्याने पानं पुसा आणि किडीचा बंदोबस्त करा, काजळी आपोआप जाते. पावसाळ्यात कुंडीत उगवलेल्या छत्र्या झाडाला काही करत नाहीत, त्या फक्त खाऊ नका. टोमॅटो-मिरचीची रोपं ट्रेमध्ये बुंध्याशी पातळ होऊन आडवी पडू लागली तर औषधाआधी पाणी कमी करा, बी विरळ टाका, ट्रेला ऊन आणि वारा लागू द्या.

फवारणाऱ्या माणसाची काळजी

2017 मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून जास्त शेतकरी-शेतमजूर दगावले. ती मुख्यतः कपाशीवरची कीटकनाशकं होती, पण सवयी त्याच असतात. उंच पिकात, वाऱ्याच्या तोंडाला, उघड्या अंगाने, दोन-तीन औषधं एकत्र करून. बुरशीनाशक कीटकनाशकाइतकं जहाल नसतं या समजुतीवर कुणी हातमोजे काढून ठेवू नयेत. मजुराला हातमोजे, मास्क, चष्मा देणं ही मालकाची जबाबदारी आहे, आणि ते न दिल्यास काम नाकारायचा मजुराला पूर्ण हक्क आहे.

लेबलवर त्या पिकाचं नाव आहे का ते वाचा. नसेल तर ते औषध त्या पिकासाठी नाही, शेजाऱ्याला गुण आला असला तरीही. शेवटची फवारणी आणि तोडणी यांत किती दिवस जायला हवेत हेही तिथेच लिहिलेलं असतं. निर्यातीच्या द्राक्षांचा नमुना तपासला जातो, म्हणून तिथे हे दिवस काटेकोर मोजले जातात. आठवडी बाजारात जाणारा टोमॅटो आणि घरच्या ताटात येणारी मेथी कुणी तपासत नाही, म्हणून तिथे आपणच मोजायला हवेत. मोकळा डबा तीनदा धुऊन ते पाणी पंपातच ओता आणि डब्याला भोकं पाडून टाका, त्यात कुणी पाणी किंवा तेल भरता कामा नये.

फवारताना चक्कर, मळमळ, डोळ्यांपुढे अंधारी, छातीत जड वाटणं, घाम सुटणं यातलं काहीही झालं, तर काम लगेच थांबवून माणसाला सावलीत आणा, कपडे उतरवून अंग साबणाने धुवा आणि थेट दवाखान्यात न्या. दूध, ताक पाजत किंवा उलटी काढायचा प्रयत्न करत घरी वेळ घालवू नका. जाताना औषधाचा डबा किंवा त्याचं लेबल बरोबर घ्या, डॉक्टरांना उपचार ठरवायला त्यावरचं घटकाचं नाव लागतं.